हिरड्या मागे सरकल्याने दातांत पडणाऱ्या फटी : कारणे, उपचार आणि घरची काळजी



आरोग्याच्या तासाला आपण मुलांना 'दिवसातून दोन वेळा दात घासा' असं न चुकता सांगतो. पण मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले की वेगळंच चित्र दिसतं. कुणाच्या दातांत मेथीचं पान अडकलेलं असतं, तर कुणी जेवण झाल्यावर पाठ फिरवून टाचणीने दात कोरत असतं. 'पूर्वी असं काही अडकत नव्हतं, आता फटी पडल्यात', हे वाक्य चाळिशीच्या आसपास बऱ्याच जणांच्या तोंडी येतं. आणि पुढचा प्रश्नही ठरलेला असतो : 'या फटी बुजवता येतात का?'

उत्तर असं आहे की बऱ्याचदा बुजवता येतात. पण फट बुजवण्याआधी ती का पडली हे शोधावं लागतं. मूळ कारण तसंच ठेवून वरवर फट बुजवली, तर काही वर्षांनी दातच हलू लागतो आणि केलेला खर्च वाया जातो. म्हणून आपण आधी कारणं, मग उपचार आणि शेवटी घरात व वर्गात काय करता येईल ते पाहूया.

१. ही फट नेमकी कशी तयार होते?

दोन गाजरं घ्या. टोकं खाली करून ती एकमेकांना चिकटवून उभी धरा. वरच्या जाड भागात ती एकमेकांना टेकतात, पण खाली निमुळती होत गेल्यामुळे मध्ये त्रिकोणी जागा उरते. आपल्या दातांचंही असंच आहे. दात चावण्याच्या बाजूला रुंद आणि मुळाकडे निमुळता असतो. शेजारचे दोन दात एका ठिकाणी टेकतात आणि त्याखाली त्रिकोणी जागा असते. निरोगी तोंडात ही जागा हिरडीच्या टोकदार भागाने पूर्ण भरलेली असते, म्हणून ती आपल्याला दिसत नाही.

हिरडी मात्र स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. तिच्या खाली जबड्याचं हाड असतं. हाड खाली गेलं की त्याच्या आधाराने उभी असलेली हिरडीही खाली जाते आणि तो त्रिकोण उघडा पडतो. तोंडाच्या आतल्या अंधारामुळे तो काळा दिसतो, म्हणून दातांचे डॉक्टर त्याला 'काळा त्रिकोण' म्हणतात.

इथे एक मोजमाप लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९९२ साली अमेरिकेतील डॉ. डेनिस टार्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन दात टेकण्याच्या जागेपासून खालच्या हाडापर्यंतचं अंतर मोजलं. हे अंतर ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर जवळजवळ सगळ्याच ठिकाणी हिरडीने जागा पूर्ण भरलेली आढळली. ६ मिलिमीटर अंतराला हे प्रमाण ५६ टक्क्यांवर आलं आणि ७ मिलिमीटरला २७ टक्क्यांवर. म्हणजे हाड एक-दोन मिलिमीटर खाली गेलं तरी फट दिसू लागते. हिरडीचा प्रश्न मुळात हाडाचा असतो, तो असा.

२. सगळ्या फटी सारख्या नसतात

पालक अनेकदा घाबरून विचारतात, म्हणून हा फरक आधीच स्पष्ट करूया.

मुलांच्या दातांतली फट : साधारण ७ ते ११ वर्षांच्या मुलांच्या वरच्या पुढच्या दोन दातांत फट दिसणं बहुतेक वेळा नैसर्गिक असतं. बाजूचे दात आणि पुढे सुळे येताना त्यांच्या दाबाने ती बऱ्याचदा आपोआप मिटते. सुळे पूर्ण आल्यावरही फट राहिली, तर डॉक्टरांना दाखवावं. वरच्या ओठाला जोडणारा पडदा जाड असणं किंवा आत एखादा जादा दात असणं, अशी कारणं त्यामागे असू शकतात.

जन्मजात ठेवणीतली फट : काहींच्या पुढच्या दातांत लहानपणापासून फट असते. हिरड्या निरोगी असतील तर तो आजार नाही.

मोठेपणी नव्याने पडलेली फट : दात आधी जुळलेले होते आणि आता अंतर पडलं, पुढचे दात पंख्यासारखे पसरू लागले किंवा मध्ये काळे त्रिकोण दिसू लागले, तर ही फट गंभीरपणे घ्यायची. हा लेख मुख्यतः याच फटीबद्दल आहे.

३. हिरड्या मागे का सरकतात?

दातांवरचा थर आणि कीटण : दात घासल्यावर काही तासांतच त्यावर जंतूंचा मऊ, चिकट थर पुन्हा जमू लागतो. तो निघाला नाही, तर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांत कडक होतो. यालाच आपण कीटण म्हणतो. कीटणाच्या खडबडीत पृष्ठभागावर आणखी थर बसतो. हिरडी सुजते, लाल होते आणि ब्रश लागला की रक्त येतं.

१९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी एक साधा, पण महत्त्वाचा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात साफ करणं पूर्ण बंद केलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. सफाई पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. यातून दोन गोष्टी कळतात. हिरड्या फार लवकर बिघडतात. आणि सूज हिरडीपुरतीच असेपर्यंत त्या पूर्ण बऱ्याही होतात. सूज आत शिरून हाड झिजू लागलं की मात्र परतीचा रस्ता बंद होतो. या पुढच्या अवस्थेलाच जुनी माणसं 'पायोरिया' म्हणतात.

तंबाखू आणि मशेरी : महाराष्ट्रात अनेक घरांत, विशेषतः बायकांमध्ये, मशेरी लावायची सवय आहे. 'मशेरीने हिरड्या घट्ट होतात, रक्त थांबतं', असं सांगितलं जातं. रक्त कमी येतं हे खरं आहे, पण त्याचं कारण वेगळं आहे. तंबाखूतल्या निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात. आजार आत चालूच राहतो, फक्त त्याची धोक्याची घंटा बंद पडते. त्यामुळे माणूस डॉक्टरकडे उशिरा जातो. वर तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच.

मधुमेह : साखर ताब्यात नसेल तर हिरड्यांचा आजार लवकर वाढतो आणि हिरड्यांची जुनी सूज साखर ताब्यात ठेवायला अडथळा आणते. हे नातं दोन्ही बाजूंनी आहे. घरात मधुमेही व्यक्ती असेल, तर डोळे आणि पाय तपासतो तसे तिचे दातही तपासून घ्यायला हवेत.

जोरात घासणं : कडक ब्रशने आडवं, रगडून घासल्याने हिरडी झिजते. राखुंडी किंवा खरखरीत मंजन असेल तर आणखीच. यात हिरडी मुख्यतः दाताच्या पुढच्या बाजूने मागे जाते आणि मुळाचा पिवळसर भाग उघडा पडतो. दोन दातांमधला त्रिकोण मात्र बहुधा हाड झिजल्याने उघडतो. हा फरक पुढे उपचारात महत्त्वाचा ठरतो.

इतर कारणं : एकमेकांवर चढलेले दात तारेने सरळ केल्यावर, विशेषतः मोठ्या वयात, मध्ये त्रिकोण दिसू शकतो. नीट न बसलेली कॅप आणि काहींची मुळातच पातळ असलेली हिरडी ही कारणंही असतात. वय वाढलं की थोडी हिरडी मागे जाते, पण 'आता वय झालं' म्हणून सगळं सोडून देणं बरोबर नाही.

४. या खुणा दिसल्या तर थांबू नका

• ब्रश करताना किंवा पेरू-सफरचंद चावताना रक्त येणं
• तोंडाचा वास, जो चूळ भरूनही जात नाही
• थंड पाणी किंवा आंबट खाल्ल्यावर दातांत सणक जाणं
• दात पूर्वीपेक्षा लांब दिसणं
• एकाच जागी सारखं अन्न अडकणं
• हिरडी दाबल्यावर पू येणं
• दात हलणं किंवा दातांची जागा बदलणं

पहिल्या दोन खुणांवर डॉक्टरकडे गेलं तर काम सोपं असतं. शेवटच्या दोन खुणांपर्यंत थांबलं, तर अवघड होतं. दुखत नाही म्हणून आजार नाही, असा हिशोब इथे चालत नाही. हिरड्यांचा आजार बराच काळ न दुखता वाढतो.

५. दवाखान्यात आधी काय केलं जातं?

डॉक्टर खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्यामध्ये अलगद घालून खोली मोजतात. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटर असते. त्याहून खोल कप्पे सापडले, तर तिथे ब्रश पोहोचत नाही आणि जंतू साचतात. हाड किती उरलं आहे हे पाहण्यासाठी एक्स-रे काढतात.

मग दात साफ करतात, म्हणजे स्केलिंग करतात. कप्पे खोल असतील, तर जागा बधिर करून हिरडीच्या आतलं, मुळावरचं कीटणही काढतात. साधारण दीड ते तीन महिन्यांनी पुन्हा मोजमाप घेतात. खोल कप्पे तरीही राहिले, तर हिरडीची छोटी शस्त्रक्रिया लागू शकते. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

'दात साफ केल्याने ते सैल होतात आणि फटी पडतात' : खरं काय?

हा गैरसमज घरोघरी आहे आणि त्याच्यापायी अनेकांनी चांगले दात गमावले आहेत. म्हणून नीट समजून घेऊया. समजा, घराच्या भिंतीला पडलेली भेग वर्षानुवर्षं चिखलाने भरलेली आहे. आपण चिखल धुऊन काढला आणि भेग दिसली. म्हणून पाण्याने भेग पाडली असं म्हणता येईल का? दातांमधली जागा कीटणाने आणि सुजलेल्या हिरडीने भरलेली असते. कीटण निघालं आणि सूज उतरली की आधीपासून असलेली फट दिसू लागते. काही दिवस थंड पाण्याने सणकही जाते, ती हळूहळू कमी होते.

म्हणजे साफसफाईनंतर फट थोडी मोठी दिसली, तर घाबरून उपचार सोडायचे नाहीत. घट्ट, गुलाबी आणि रक्त न येणारी हिरडी खाली असली, तरी ती सुजलेल्या हिरडीपेक्षा केव्हाही चांगली.

६. फट बुजवण्याचे उपाय

हिरड्यांचा आजार थांबला हे नक्की झाल्यावरच पुढचं पाऊल टाकायचं. कुठला उपाय कुणाला, हे तपासणीनंतर डॉक्टरच ठरवतील. पण पर्याय आपल्याला माहीत असलेले बरे.

दाताच्या रंगाचं भरण : दाताच्या कडेला दाताच्या रंगाचं सिमेंटसारखं द्रव्य लावून आकार थोडा रुंद करतात आणि त्रिकोण झाकतात. दात फारसा घासावा लागत नाही. काही वर्षांनी रंग बदलतो किंवा कड तुटते, तेव्हा दुरुस्ती लागते. भरणाची कड हिरडीत रुतता कामा नये, नाहीतर तिथेच पुन्हा थर साचतो.

तारेने दात जवळ आणणं : दातांच्या कडा अगदी थोड्या, मिलिमीटरच्या अंशाने घासून दात जवळ सरकवतात. त्यामुळे टेकण्याची जागा हिरडीकडे सरकते आणि त्रिकोण लहान होतो. पसरलेले पुढचे दातही असे मागे आणता येतात. पण हिरड्यांना सूज असताना तार लावली, तर हाड आणखी वेगाने झिजू शकतं.

कॅप किंवा पातळ पापुद्रा : दाताचा आकारच बदलायचा असेल तर हा पर्याय असतो. यात दात घासावा लागतो आणि घासलेला दात पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. म्हणून दुसरे पर्याय आधी विचारून घ्या.

हिरडीचं रोपण : टाळूवरची थोडी त्वचा काढून उघड्या पडलेल्या मुळावर बसवतात. हिरडी पुढच्या बाजूने झिजली असेल आणि दातांमधलं हाड शाबूत असेल, तर याचा निकाल चांगला येतो. दोन दातांमधलं हाडच गेलं असेल, तर तिथला हिरडीचा टोकदार भाग पुन्हा उभा करणं फार कठीण असतं आणि त्याची खात्री देता येत नाही. 'शंभर टक्के फट भरून देतो' असं कुणी म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचाही सल्ला घ्या.

हिरडीच्या रंगाचा मुखवटा : बऱ्याच दातांत मोठे त्रिकोण असतील, तर हिरडीच्या रंगाची काढता-घालता येणारी पातळ पट्टी बनवून मिळते.

काहीच न बुजवणं : हा सुद्धा एक उपाय आहे. फट मागच्या दातांत आहे, दिसत नाही आणि रोज स्वच्छ ठेवता येते, तर ती तशीच ठेवून दात आयुष्यभर टिकू शकतो.

७. यांचा उपयोग होत नाही

गेलेली हिरडी परत आणणारी टूथपेस्ट, मंजन किंवा तेल नाही. मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भरल्याने सुजेला थोडा आराम मिळतो, पण कीटण निघत नाही. लवंग तेलाने ठणका तात्पुरता कमी होतो, आजार जात नाही. मनाने घेतलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांनीही कीटण जागचं हलत नाही. दोन दात दोऱ्याने किंवा रबराने बांधून जवळ आणण्याचे व्हिडिओ मुलं-मुली मोबाइलवर पाहतात. त्यांना स्पष्ट सांगा की असं रबर हिरडीत आत सरकून मुळाभोवतीचं हाड खाऊ शकतं आणि चांगला दात गमवावा लागू शकतो.

८. घरची रोजची काळजी

• मऊ ब्रश घ्या. तो हिरडी आणि दात जिथे मिळतात तिथे तिरका, साधारण ४५ अंशात धरा आणि हलक्या हाताने छोट्या हालचाली करा. सगळे दात मिळून दोन मिनिटं.
• ब्रशचे केस बाहेर वळले, तर ब्रश बदला. महिनाभरातच वळत असतील, तर तुम्ही फार जोर लावताय.
• फ्लोराइड असलेली पेस्ट वापरा. उघड्या पडलेल्या मुळावर दातासारखं कडक आवरण नसतं, त्यामुळे ते लवकर किडतं.
• ब्रश दोन दातांच्या मध्ये पोहोचत नाही. फट असेल तिथे बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा ब्रश मिळतो, तो दिवसातून एकदा फिरवा. तो वेगवेगळ्या मापांत येतो. आपलं माप डॉक्टरांकडून समजून घ्या, जबरदस्तीने घुसवू नका. दात जवळजवळ असतील तिथे दोरा, म्हणजे फ्लॉस, वापरा.
• टाचणी, सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी दातांत घालू नका.
• रक्त येतं म्हणून घासणं बंद करू नका. रक्त येतं तिथेच हळुवार सफाईची जास्त गरज असते.
• एकदा हिरड्यांचा आजार झाला असेल, तर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी करा.

खर्चाची काळजी असेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कमी दरात उपचार होतात. जिल्हा रुग्णालयातही दंत विभागाची चौकशी करा.

९. वर्गात काय करता येईल?

गाजराचा प्रयोग : दोन गाजरं शाडू मातीत रोवून माती वरपर्यंत भरा. मग मुलांना सांगा, 'ही माती म्हणजे हाड आणि हिरडी.' चमच्याने थोडी थोडी माती काढत जा. आधी त्रिकोण दिसतो आणि मग गाजर हलू लागतं. न सांगताच मुलांना कळतं की फट ही दात पडण्याच्या वाटेवरची पहिली पायरी असू शकते.

मशेरीबद्दल बोला : मूल आजीचं पाहून मशेरीला हात लावतं. आजीचा अपमान न करता, रक्त का थांबतं ते समजावून सांगा. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे, हेही मुलांना माहीत असू द्या.

तपासणीचा फायदा घ्या : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तेव्हा दातांची तक्रार असलेल्या मुलांची नावं आधीच काढून ठेवा. २० मार्च या जागतिक मौखिक आरोग्य दिनी पालकांनाही बोलवा. त्या दिवशी मुलांनी आईबाबांना विचारायचा एकच प्रश्न द्या : 'तुम्ही दात घासताना रक्त येतं का?'

थोडक्यात सांगायचं तर

हिरडीची सूज पूर्ण बरी होते, पण झिजलेलं हाड सहसा परत येत नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवा : आधी तपासणी, मग सफाई, मग हिरड्या बऱ्या झाल्याची खात्री, आणि सगळ्यात शेवटी फट बुजवणं. हा क्रम उलटा केला तर फोटो चांगला येतो, पण दात टिकत नाही.

आज रात्री दात घासून झाल्यावर थुंकीचा रंग एकदा पाहा. लालसर दिसला, तर याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. आणि घरातल्या ज्येष्ठांनाही सोबत न्या.